ललिता बाबरची कारकीर्द आणि पंधरा वर्षांच्या मुलीचं स्टीपलचेस

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. शालेय जिल्हा स्पर्धेत ३००० मीटरला पहिल्या तिघींत येते. तिचे सर म्हणतात, हिला आत्तापासूनच स्टीपलचेसला (अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत पळायच्या शर्यतीला) उतरवू, तिथे मुली कमी असतात, राज्याचं पदक लवकर मिळेल. तुमच्यासमोर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या ललिता बाबरचं उदाहरण आहे. तिच्यासारखी कारकीर्द घडायची असेल तर हाच रस्ता का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय एवढी मोठी खेळाडू रिओनंतर दिसेनाशी का झाली, हेही.

मी गेली बरीच वर्षं मध्यम आणि लांब पल्ल्याच्या मुलामुलींना शिकवतोय, त्यात स्टीपलचेसवाल्या मुलीही आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. अडथळ्यांशी मुलीची ओळख आत्ता करून द्या, पण शर्यत स्टीपलचेसची नको. याला सगळ्यात भक्कम दाखला ललिताचाच आहे. अडचण एवढीच की लोक तिची कारकीर्द रिओपासून वाचायला सुरुवात करतात.

मोही हे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं गाव. तो भाग ज्यांनी उन्हाळ्यात पाहिलाय त्यांना दुष्काळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. २ जून १९८९ ला तिथल्या एका शेतकरी कुटुंबात ललिताचा जन्म झाला. पुढे वर्तमानपत्रांनी तिला ‘माणदेशी एक्सप्रेस’ केलं, पण त्याआधीची दहा वर्षं फारशी कुणाच्या डोळ्यांत भरलेली नाहीत. २००५ साली पुण्यात २० वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिनं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती सोळाची होती, आणि तेव्हा तिची ओळख सरळ लांब पल्ल्याची धावपटू एवढीच होती. पुढे रेल्वेची नोकरी, राष्ट्रीय शिबिरं, रस्त्यावरच्या शर्यती. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ती पहिली आली. म्हणजे २०१४ च्या जानेवारीपर्यंत महाराष्ट्र तिला ‘मॅरेथॉनवाली’ म्हणूनच ओळखत होता. तेव्हा तिचं वय पंचविशीला टेकलं होतं.

आता तुमच्या मुलीचं वय आणि हे वय शेजारी ठेवून पाहा.

२०१४ मध्ये तिनं सगळं लक्ष स्टीपलचेसकडे वळवलं. आशियाई क्रीडा स्पर्धेत पदक हवं होतं. आशियात मॅरेथॉनला जपान आणि बहरीनच्या बायकांसमोर निभाव लागणं कठीण, हे कुणालाही दिसत होतं. इंचॉनला झालंही तसंच, मॅरेथॉनची तिन्ही पदकं या दोन देशांतच वाटली गेली. स्टीपलचेसमध्ये मात्र भारताला वाट होती. २०१० मध्ये ग्वांगझूला रायबरेलीच्या सुधा सिंगनं या प्रकारात सुवर्ण जिंकून ती दाखवून दिली होती. इंचॉनला ललितानं ९ मिनिटं ३५.३७ सेकंदांत कांस्य घेतलं आणि सुधाचा राष्ट्रीय विक्रम मोडला. स्वतः सुधा ९:३५.६४ नं चौथी. चीनच्या ली झेनझूचं रौप्य ९:३५.२३ चं. तीन बायका अर्ध्या सेकंदाच्या आत! शर्यत संपल्यावर आणखी एक नाट्य झालं. पहिल्या आलेल्या बहरीनच्या रूथ जेबेटला ट्रॅकच्या आत पाय पडल्याबद्दल आधी बाद केलं, त्यामुळे ललिता रौप्यावर आणि सुधा कांस्यावर सरकली. मग बहरीनचं अपील मान्य झालं आणि पदकं परत जागच्या जागी आली. सुधाचे त्या दिवशी काय हाल झाले असतील, ते चौथ्या क्रमांकाचा अनुभव असलेल्यालाच कळेल.

यानंतर चारच महिन्यांत, जानेवारी २०१५ मध्ये, ललिता पुन्हा मुंबई मॅरेथॉनला उभी राहिली. त्या वर्षी ओ. पी. जैशानं २ तास ३७ मिनिटं २९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, ललिता २:३८:२१ नं दुसरी आली, सुधा तिसरी. तिघीही निकोलाय स्नेसारेव्ह या बेलारूसच्या प्रशिक्षकाच्या हाताखालच्या. स्नेसारेव्ह म्हणजे कडक माणूस, भरपूर किलोमीटर करून घेणारा. त्याच्या पद्धतीवर टीकाही खूप झाली. पण एका गोष्टीबद्दल वाद नको: आशियाई पदकविजेती स्टीपलचेसर हिवाळ्यात मॅरेथॉन २:३८ ला पळते, आणि जूनमध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९:३४.१३ नं स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकते. दोन्हीच्या खाली पाया एकच आहे. तो पंधराव्या वर्षी पदकाच्या मागे धावून तयार होत नाही.

आकडे जरा पुढे नेऊ. ऑगस्ट २०१५, बीजिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा: हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ९:२७.८६, नवा राष्ट्रीय विक्रम, आणि या प्रकारात जागतिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत ९:२९.६४ सह आठवी. एप्रिल २०१६, दिल्लीची फेडरेशन कप स्पर्धा: ९:२७.०९. ऑगस्ट २०१६, रिओ: हीटमध्ये चौथी, ९:१९.७६. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत पळाली होती. त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला थेट ललिताच. मध्ये बत्तीस वर्षं गेली. अंतिम फेरी १५ ऑगस्टला झाली, आपल्याकडे संध्याकाळ होती. ललिता ९:२२.७४ नं दहावी.

इंचॉन ते रिओ, दोन वर्षांच्या आत १५.६१ सेकंद. हा आकडा ऐकायला लहान वाटतो. या पातळीवर तो अवाढव्य आहे.

तो कुठून आला हे समजायला शर्यतीची रचना माहीत हवी. ३००० मीटर, २८ कोरडे अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, एकूण ३५. सुरुवातीच्या तुकड्यात अडथळा नसतो. मग सात पूर्ण लॅप, प्रत्येक लॅपमध्ये पाच अडथळे, त्यातला चौथा पाण्याचा. महिलांसाठी उंची ७६.२ सेंटीमीटर, पुरुषांसाठी ९१.४. हर्डल शर्यतीतला हलका अडथळा पाय लागला की पडतो. हा पडत नाही. ८० ते १०० किलोचा असतो, वरची तुळई १२.७ सेंटीमीटर जाड. तिला गुडघा लागला तर गुडघाच मागे येतो. पाण्याचा खड्डा अडथळ्यासकट ३.६६ मीटर लांब, अडथळ्याजवळ सगळ्यात खोल आणि पुढे चढत चढत ट्रॅकच्या पातळीला येणारा. म्हणजे जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. हा खड्डा काही मैदानांवर ट्रॅकच्या आतल्या बाजूला असतो, काहींवर बाहेरच्या, आणि त्यानुसार लॅपची लांबीच बदलते. म्हणून एका मैदानावरचे लॅपचे आकडे दुसऱ्या मैदानावरच्या आकड्यांशी लावायचे नाहीत. हे पालकच नाही, काही प्रशिक्षकही विसरतात.

आता १५.६१ ला ३५ नं भागा. एका अडथळ्यामागे अर्ध्या सेकंदाहून कमी येतं. ललिताची सगळी सुधारणा अडथळ्यांवरच झाली असं मी म्हणत नाही, सपाट वेगही वाढला होताच. पण या शर्यतीत वेळ गळतो कुठे ते या भागाकारातून दिसतं. अडथळ्याआधी दोन पावलं लहान करणं, वर उंच उडणं, उतरल्यावर क्षणभर थांबून पुन्हा वेग पकडणं. प्रत्येक वेळी थोडंथोडं जातं, आणि हे पस्तीस वेळा होतं. नवशिक्या मुलीला वाटतं की तिला पाण्याची भीती नडते. मी बघतो तेव्हा बहुतेक वेळा तिचे सेकंद कोरड्या अडथळ्यांवर, पाचव्या लॅपनंतर जातात, जेव्हा मांड्या जड होतात आणि ती अडथळ्यावर पाय ठेवून चढायला लागते.

इथेच सपाट धावण्याचा पाया आणि अडथळ्यांचं तंत्र एकमेकांत अडकलेले आहेत. तंत्र मोडतं ते दमल्यावर, आणि दमणं उशिरा यावं यासाठी हवं वर्षानुवर्षांचं धावणं. रिओच्या हीटमधला ललिताचा वेग किलोमीटरला ३ मिनिटं ७ सेकंदांच्या आसपास पडतो, तोही पस्तीस अडथळ्यांसह. मुंबईत मॅरेथॉनमध्ये ती किलोमीटरला ३:४५ नं पळाली होती. ज्या शरीराला ३:४५ हा बेचाळीस किलोमीटर टिकवायचा वेग आहे, त्याला ३:०७ वर शेवटच्या दोन लॅपमध्येही अडथळ्याचा अंदाज घ्यायला डोकं शिल्लक राहतं.

अशी ती एकटीच नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथे क्रॉसकंट्री (शेतातली, माळरानावरची शर्यत) पळाला, आणि स्टीपलचेसला लागला तेव्हा विशी ओलांडली होती. पुढे २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० सह रौप्य, २०२३ ला हांगझूला आशियाई सुवर्ण. मेरठजवळच्या इकलौता गावची पारुल चौधरी २०२२ मध्ये सपाट ३००० मीटर ८:५७.१९ ला पळाली, नऊ मिनिटांच्या आत जाणारी पहिली भारतीय महिला. पुढच्याच वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तिनं स्टीपलचेस ९:१५.३१ ला पळून ललिताचा सात वर्षं टिकलेला विक्रम मोडला. हांगझूला तिनं स्टीपलचेसचं रौप्य घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ५००० मीटरचं सुवर्ण. आधी वेग आणि दमसास, मग अडथळे. सरांना ही तीन नावं सांगा, माझं नाव सांगायची गरज नाही.

आता ललिताच्या कारकिर्दीतली मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटणारी गोष्ट. तिच्याबद्दल लिहिताना लोक अंतिम फेरीवर थांबतात: बीजिंगला आठवी, रिओला दहावी, पदक हुकलं. तिचे हीटचे आकडे बघा. बीजिंगला हीटमध्ये ९:२७.८६, अंतिम फेरीत ९:२९.६४. रिओला हीटमध्ये ९:१९.७६, अंतिम फेरीत ९:२२.७४. दोन्ही ठिकाणी तिची सर्वोत्तम धाव हीटमध्ये आहे. याचा अर्थ ती अंतिम फेरीत घाबरली, असा लावणारे मला भेटलेत. मला ते साफ चुकीचं वाटतं.

रिओत तीन हीट होत्या. प्रत्येकीतून पहिल्या तिघी थेट, बाकीच्या जागा वेळेवर. केनिया-इथिओपियाच्या धावपटूला तिथे फक्त पहिल्या तिघींत राहायचं असतं, ती ऐंशी टक्क्यांत काम उरकते आणि उरलेलं दोन दिवसांनी वापरते. भारतीय धावपटूला ती सोय नाही. ललिताला आयुष्यातला सर्वोत्तम वेळ हीटमध्येच द्यावा लागला, नाहीतर अंतिम फेरी दिसलीच नसती. तिनं आपला आधीचा विक्रम सात सेकंदांहून जास्त फरकानं मोडला. मग दोन दिवसांत तेच शरीर पुन्हा उभं करून ९:२२ पळाली, म्हणजे ती हीट सोडली तर कारकिर्दीतला सर्वोत्तम वेळ. अठ्ठेचाळीस तासांत असे दोन वेळ देणं ही मॅरेथॉनच्या पायाची कमाई आहे, दुसरं काही नाही.

आता एक गंमत. २०१५ च्या बीजिंग अंतिम फेरीत केनियाच्या हायविन जेपकेमोईनं ९:१९.११ ला सुवर्ण जिंकलं, दुसरी ९:१९.२४, तिसरी ९:१९.२५. ललिताचा रिओतला हीटचा वेळ या पदकांपासून सेकंदभराच्या आत येतो. लगेच ‘तेव्हा पळाली असती तर पदक होतं’ असा हिशेब कृपा करून मांडू नका. ती शर्यत संथ होती, सगळ्या शेवटच्या लॅपसाठी राखून पळत होत्या, आणि तसल्या शर्यतीत निकाल किकवर, म्हणजे शेवटच्या वेगाच्या झेपेवर, लागतो. रिओची अंतिम फेरी पूर्ण उलटी. रूथ जेबेटनं सुरुवातीपासूनच वेग लावला आणि ८:५९.७५ ला संपवली, दुसऱ्या आलेल्या जेपकेमोईचे ९:०७.१२. ललिता आणि जेबेट यांच्यात तेवीस सेकंद होते, म्हणजे ट्रॅकवर सव्वाशे मीटरच्या आसपास. हे अंतर मोठं आहे आणि ते मान्य करूनच पुढचं नियोजन करावं लागतं. जेबेट पुढे ईपीओ या दमसास वाढवणाऱ्या बंदी असलेल्या औषधाच्या चाचणीत सापडली आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. पण तो नमुना डिसेंबर २०१७ चा, त्यामुळे रिओचं सुवर्ण तिच्याकडेच राहिलं.

क्रमांकावरून खेळाडू मोजणं किती फसवं आहे ते पारुलवरून कळतं. बुडापेस्टला ती ललितापेक्षा चार सेकंदांहून जास्त वेगात पळाली आणि अकरावी आली. २०२५ मध्ये गुमीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं विक्रम ९:१२.४६ पर्यंत नेला आणि तिथेही रौप्यच मिळालं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णाला ८:५२.७६ लागले. महिलांची स्टीपलचेस हा तसा तरुण प्रकार आहे, जागतिक स्पर्धेत २००५ ला आला, ऑलिंपिकमध्ये २००८ ला. तरुण प्रकारात वेळ झपाट्यानं खाली येतात. तुमची मुलगी पंचवीसची होईल तेव्हा आजचे आकडे जुने झालेले असतील, म्हणून तिच्यासमोर आत्ताच वेळेचं लक्ष्य ठेवणं निरर्थक आहे.

ललिता लवकर का थांबली, हा तुमचा दुसरा प्रश्न. सार्वजनिक नोंद अशी: २०१६ चा अर्जुन पुरस्कार, २०१७ मध्ये लग्न, राज्य सरकारकडून खेळाडू म्हणून थेट नेमणूक आणि महसूल खात्यात अधिकारीपद. रिओत ती सत्तावीस वर्षांची होती. स्टीपलचेसमध्ये हे वय उताराचं नाही. सुधा सिंगनं २०१८ ला जकार्तात बत्तिसाव्या वर्षी आशियाई रौप्य मिळवलं. तेव्हा ‘या प्रकारात बायका टिकत नाहीत’ हे म्हणणं खोटं आहे.

पण ‘थांबली’ या शब्दात जो तक्रारीचा सूर असतो तो मला पटत नाही. दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरातली मुलगी दहा-बारा वर्षं शिबिरांत राहते, सणवार घराबाहेर काढते, आणि मग तिच्या हाती वर्ग एकची नोकरी येते. तिनं ती सोडून आणखी चार वर्षं उटीच्या थंडीत किलोमीटर मोजावेत अशी अपेक्षा आपण घरी सोफ्यावर बसून ठेवतो. माझा आक्षेप व्यवस्थेवर आहे. नोकरी मिळाली की सराव संपतो आणि सराव चालू ठेवला की नोकरी लांबते, असा पेच खेळाडूसमोर का यावा? ऑलिंपिक फायनलिस्टला पगार चालू ठेवून पुढच्या ऑलिंपिकपर्यंत मोकळं ठेवणं सरकारला जड नाही. मुलीच्या बाबतीत हा विचार तुम्हाला आत्ता करायचा नाही, पण शिक्षण मध्येच सोडू नका एवढं मात्र आत्तापासून धरा. खेळाडू कोट्याच्या नोकरीलाही पदवी लागते.

आता सरांच्या मुद्द्याकडे. राज्याला स्टीपलचेसमध्ये मुली कमी असतात, हे खरं आहे. पंधराव्या वर्षी चांगली पळणारी मुलगी तिथे पदक घेईलही. पण त्यासाठी ती आठवड्यातले दोन-तीन दिवस कडक अडथळ्यांवर आपटत राहील, त्याच काळात तिची हाडं वाढत असतील, आणि पाण्यात एका पायावर उतरण्याचा मार नडगी आणि घोट्यावर पडेल. अठराव्या वर्षी नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनं (सततच्या मारानं हाडाला पडणाऱ्या चिरेनं) खेळ सोडणाऱ्या मुली बघितल्यात म्हणून हे ठासून सांगतोय. त्यांच्या कपाटात राज्याची पदकं आहेत.

मग आत्ता काय करावं? हंगामात १५०० आणि ३००० मीटर, पावसाळ्यानंतर क्रॉसकंट्री. क्रॉसकंट्री जमेल तेवढी खऱ्या शेतातली, बांध-चढ असलेली, गुळगुळीत रस्त्यावरची नको. ओढे-बांध ओलांडताना पाय कुठे टाकायचा याचा अंदाज डोळ्यांना लागतो, आणि स्टीपलचेसमध्ये घोळक्यात पळताना पुढचा अडथळा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, तेव्हा हाच अंदाज कामी येतो. टेकडीवरचं धावणं आठवड्यातून एकदा. आठवड्याचे किलोमीटर हळूहळू वाढवायचे आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा कमी करायचे.

अडथळ्यांची ओळख म्हणजे आठवड्यातून दोनदा, सराव ताजा असताना, दहा-पंधरा मिनिटं. सुरुवात गुडघ्याएवढ्या हलक्या हर्डलनं, पडला तरी चालेल असा. चालत चालत कंबर मोकळी करण्याचे व्यायाम, मागचा पाय बाजूनं वळवून आणण्याची सवय. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही पाय. ४०० मीटर हर्डलमध्ये पावलं मोजून ठेवता येतात. स्टीपलचेसमध्ये समोरची अडखळली की मोजलेली पावलं वाया जातात आणि जो पाय येईल त्यानं ओलांडावं लागतं. एकाच पायानं उडणारी मुलगी प्रत्येक दुसऱ्या अडथळ्याआधी अडखळते. ही सवय पंधराव्या वर्षी सहज लागते, विशीत लावायला जीव जातो. सरांचा ‘लवकर सुरू करा’ हा आग्रह मला इथे, फक्त इथे, शंभर टक्के मान्य आहे.

पाण्याच्या उडीसाठी पाणी लागत नाही. लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यासमोर सुताराकडून करून घेतलेली एक मजबूत तुळई ठेवा, आधी गुडघ्याएवढी, वर्षभरानं ७६ सेंटीमीटर. तुळईवर पायाचा मधला भाग ठेवायचा, गुडघा वाकलेलाच ठेवायचा, अंग पुढे जाऊ द्यायचं आणि मग ढकलायचं, पुढच्या दिशेनं, वर नाही. मुली वर उभ्या राहतात आणि सरळ खाली पडतात, तिथे पाणी सगळ्यात खोल असतं. एका पायावर उतरून दुसरं पाऊल लगेच बाहेर पडलं पाहिजे. दोन्ही पाय एकत्र टेकले की वेग शून्य. खऱ्या खड्ड्यात उतरायची वेळ आली की बालेवाडीसारख्या सिंथेटिक ट्रॅकवर घेऊन जा, ओल्या बुटांची आणि घसरड्या तुळईची सवय त्याशिवाय होत नाही.

शर्यत म्हणून स्टीपलचेस सतराच्या पुढे, आणि तीही आधी २००० मीटरची. नियमांत ती आहे, १८ कोरडे अडथळे आणि ५ पाण्याच्या उड्या. माझी स्वतःची अट अशी असते की मुलगी सपाट ३००० मीटर साडेदहा मिनिटांच्या आत आरामात पळत असावी आणि मागच्या वर्षभरात नडगीची तक्रार नसावी. दुसरी अट पहिलीपेक्षा कडक पाळतो.

शेवटचा मुद्दा तब्येतीचा, आणि तो मी मुद्दाम तुम्हाला लिहितोय, सरांना नाही. मुलीला पाळी येते का, नियमित येते का, हे तुम्हीच विचारा. सराव वाढल्यावर पाळी थांबली तर काही ठिकाणी ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून सोडून देतात. असं नसतं. शरीराला खर्चाइतकं खायला मिळत नाहीये, असा त्याचा बहुतेकदा अर्थ असतो, आणि त्यानंतर हाडांचा नंबर लागतो. तीन महिने पाळी चुकली तर डॉक्टरकडे न्या. वर्षातून दोनदा रक्त तपासा, नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही, बघा. हिमोग्लोबिन ठीक आणि साठा रिकामा, अशा मुली मला दर हंगामात भेटतात. त्या दोन लॅप राहिले की हळू पडतात आणि सगळे म्हणतात की हिच्यात जिद्द नाही. सकाळच्या सरावाआधी काहीतरी खाल्लेलं असावं, सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर: भाकरी, उसळ, अंडी चालत असतील तर अंडी, दूध, शेंगदाणे-गूळ. चहा जेवणाबरोबर नको, लोह शोषलं जात नाही. पावडरींचे डबे घेऊ नका. त्यात काय असतं याची खात्री नसते, आणि उत्तेजक चाचणीत सापडल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून कुणी सुटत नाही.

सरांशी बोलताना वाद घालू नका, ते मुलीच्या भल्याचंच बघतायत. या वर्षी जिल्ह्याला आणि विभागाला १५०० आणि ३००० मीटरच, तुळई आणि हर्डलचा सराव बाजूला चालू, आणि स्टीपलचेसचा अर्ज दोन वर्षांनी भरायचा, एवढं ठरवून घ्या. तुळईची मापं हवी असतील तर कळवा, सुताराला देण्यासाठी रेखाटन करून पाठवतो.